दवाखान्यात संगणक लावताना: आधी वेळापत्रक, मग निदान

एक ते पाच डॉक्टरांच्या दवाखान्यात संगणक आला की पहिली हौस निदानाची असते. लक्षणं टाकावीत आणि आजाराचं नाव यावं. प्रत्यक्षात सुरुवातीला सगळ्यात जास्त उपयोगी पडतात त्या तीन गोष्टी अगदी नीरस आहेत: अपॉइंटमेंटची डायरी, ॲलर्जीचा एक रकाना आणि "रिपोर्ट आला, पण कोणी पाहिलाच नाही" अशा तपासण्यांची यादी. म्हणून इथे क्रमही तसाच ठेवला आहे. निदानाला मदत करणारी साधनं ज्या नोंदींवर चालतात, त्यातल्या बऱ्याचशा रिसेप्शनच्या टेबलावर तयार होतात. तिथला गोंधळ मिटवला नाही, तर पुढचं सगळं गणित चुकीच्या आकड्यांवर होतं.

## दोन आठवडे नुसतं मोजा

सॉफ्टवेअर घेण्याआधी साधी स्प्रेडशीट पुरते. दर भेटीला एक ओळ आणि सहा रकाने: दिलेली वेळ, पेशंट आल्याची वेळ, आत बोलावल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, डॉक्टरांनी केसपेपर लिहून संपवल्याची वेळ आणि भेटीचा प्रकार. पाचवा रकाना बहुतेक जण गाळतात. मग वेळापत्रकात नऊ मिनिटांची दिसणारी भेट खरोखर तेरा मिनिटं खाते, आणि दुपारपर्यंत तासभर उशीर कसा झाला ते कुणालाच कळत नाही.

किमान शंभर भेटींची नोंद हवी, आणि त्यात आठवड्यातला प्रत्येक वार दोनदा तरी यायला हवा. वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने लिहा. स्प्रेडशीटमध्ये एक पूर्ण दिवस म्हणजे १, त्यामुळे दोन वेळांच्या वजाबाकीला १४४० ने गुणलं की मिनिटं मिळतात. उत्तर उणे आलं तर बहुधा दुपारचे सव्वादोन "२:१५" असे टाकलेले असतात. आणि वजाबाकी होतच नसेल, तर तो रकाना वेळ म्हणून नव्हे, मजकूर म्हणून साठवला गेलाय.

प्रत्येक प्रकारच्या भेटीसाठी तीन आकडे काढा: सरासरी, मध्यक (सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावल्या की बरोबर मधला येणारा आकडा), आणि दहापैकी आठ भेटी ज्या वेळात संपतात तो आकडा. सरासरी आणि मध्यक यांच्यात बरंच अंतर दिसलं, तर त्या प्रकारात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात असं समजा. "फॉलोअप" या एकाच नावाखाली नुसता रिपोर्ट दाखवायला आलेले आणि चार जुनाट आजार असलेले असे दोन्ही पेशंट असतील, तर तो प्रकार फोडा. पण चार-पाच प्रकारांच्या वर जाऊ नका. बारा प्रकार केले, तर फोनवर बोलता बोलता रिसेप्शनवरची व्यक्ती यादीतला पहिला पर्याय निवडून मोकळी होते, आणि आकडे पुन्हा निरुपयोगी होतात.

## खाचे (भेटीसाठी राखलेल्या वेळा) किती आणि कुठे

समजा सत्र चार तासांचं आहे, म्हणजे २४० मिनिटं. मोजणीतून नवीन पेशंटला १८, फॉलोअपला ९ आणि रिपोर्ट दाखवण्याला ५ मिनिटं निघाली. चार नवीन, अकरा फॉलोअप आणि पाच रिपोर्ट धरले, तर ७२ + ९९ + २५ म्हणजे १९६ मिनिटं होतात. सत्राचे साधारण ८२ टक्के. इथेच मोह होतो: उरलेल्या ४४ मिनिटांत आणखी चार फॉलोअप सहज बसतील की!

बसतील, पण रांग वाढेल, आणि सरळ प्रमाणात वाढणार नाही. रांगेच्या सगळ्यात साध्या गणितात डॉक्टरांचा वेळ ८० टक्के भरलेला असेल, तर सरासरी थांबणं एका भेटीच्या चौपट असतं. ९० टक्क्यांना ते नऊपट होतं आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट. अपॉइंटमेंट दिलेल्या असल्या की पेशंट अगदी कसेही येत नाहीत, त्यामुळे खरे आकडे याहून बरे असतात. पण आलेख असाच शेवटी एकदम उभा चढतो. ज्या दवाखान्यात रोज दोन तास थांबावं लागतं, तिथे बहुधा डॉक्टर हळू नसतात. वेळापत्रकच काठोकाठ भरलेलं असतं.

डायरीचं मूळ एकक पाच मिनिटांचं ठेवा. नवीन भेटीला चार एकके, फॉलोअपला दोन, रिपोर्टला एक. मग वरच्या सत्राची बेरीज २१५ मिनिटं होते. गोल करताना वाढलेली ही १९ मिनिटं वाया गेलेली नाहीत, तीच भेटींमधली उसंत आहे. राहिलेली २५ मिनिटं मात्र विखरू नका. दहा मिनिटं सत्राच्या मध्याला आणि पंधरा शेवटच्या तासाच्या सुरुवातीला, अशी दोन ठिकाणी रिकामी ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये कुलूपबंद करा. नुसती मोकळी दिसणारी जागा पहिल्या फोनला भरते.

सुरुवातीचा एक जुना नियम अजून उपयोगी आहे. १९५२ साली नॉर्मन बेली आणि जे. डी. वेल्च यांनी "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं, की सत्राच्या पहिल्या वेळेला दोन पेशंट बोलवावेत आणि पुढचे एकेक, सरासरी भेटीच्या अंतराने. कारण सरळ आहे. पहिला पेशंट उशिरा आला तर डॉक्टर रिकामे बसतात, आणि तो वेळ दिवसभर भरून निघत नाही. पहिल्या वेळेचे हे दोन्ही पेशंट पाच-दहा मिनिटांच्या भेटीचे असावेत. पहिल्याच वेळेला दोन नवीन पेशंट ठेवले, तर एकाला वीस मिनिटं ताटकळावं लागतं आणि नियमाचा फायदा उलटतो. एकूणच, ज्या भेटींच्या वेळात चढउतार कमी त्या आधी आणि बेभरवशाच्या नंतर, असा क्रम लावला की उशीर कमी जणांपर्यंत पोचतो.

आजच दाखवायचं म्हणणाऱ्यांसाठी वेगळे खाचे राखावे लागतात. २००० च्या सुमारास मार्क मरे आणि कॅथरीन टॅन्टाउ यांनी "आजचं काम आज" ही पद्धत मांडली: रोजच्या मागणीइतके खाचे रोज उघडे ठेवले, तर पुढच्या तारखांचा साठाच होत नाही. पूर्णपणे तसं करणं सगळ्यांना जमत नाही. सुरुवात म्हणून एक चतुर्थांश खाचे राखा आणि आदल्या दिवशी दवाखाना बंद होईपर्यंत ते उघडू नका. तुमच्या मोजणीत त्याच दिवशी आलेले पेशंट एक तृतीयांश असतील, तर राखीव खाचेही तेवढेच हवेत. हा आकडा अंदाजाने नाही, मोजणीतून घ्यायचा.

अपॉइंटमेंट किती दिवसांनी मिळते हे पाहताना पहिली मोकळी वेळ धरू नका, तिसरी धरा. पहिली आणि दुसरी बऱ्याचदा कुणीतरी नुकतीच रद्द केलेली असते, त्यामुळे चित्र आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. दर सोमवारी सकाळी प्रत्येक प्रकारच्या भेटीसाठी तिसरी मोकळी वेळ किती दिवसांवर आहे, एवढाच आकडा लिहून ठेवा. तो सलग चार आठवडे चढत असेल, तर मागणी क्षमतेपेक्षा जास्त आहे. अशा वेळी खाचे हलवून काही होत नाही. सत्र वाढवावं लागतं, किंवा काही फॉलोअप फोनवर घ्यावे लागतात.

## न येणारे पेशंट

वीस जणांना वेळ दिली आणि १५ टक्के येत नाहीत, तर सरासरी सतरा येतात. मग तेवीस जणांना वेळ दिली तर वीस भरतील, असा हिशेब केला जातो. सरासरी खरंच १९.५५ येते. पण दिवस सरासरीने चालत नाही. तेवीस जणांत दोन किंवा त्याहून कमी गैरहजर राहण्याची शक्यता ३१ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे दर तीन सत्रांतलं जवळजवळ एक वीसच्या वर जाईल. बावीसवर थांबलात, तर वीसच्या वर जाण्याची शक्यता १४ टक्क्यांवर येते. जास्तीची अपॉइंटमेंट द्यायचीच असेल, तर एक-दोनच द्या. ती सत्राच्या शेवटी नको; मधल्या फॉलोअपच्या खाच्यात द्या, म्हणजे मधली राखीव उसंत ती गिळू शकते.

त्याआधी करायची स्वस्त गोष्ट म्हणजे आठवणीचा संदेश. एक तीन दिवस आधी, एक आदल्या दिवशी. पहिल्या संदेशात "रद्द" असं उत्तर पाठवण्याची सोय हवी आणि ते उत्तर थेट डायरीत उतरायला हवं. नाहीतर रद्द झालेल्या वेळा कुणाच्या तरी फोनमध्ये पडून राहतात. मोकळा झालेला खाचा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या तीन जणांना कळवा. जो आधी होकार देईल, त्याला द्या. संदेशात आजाराचं, तपासणीचं किंवा विशिष्ट विभागाचं नाव टाकू नका. फोन घरातला दुसरा कुणी उचलतो.

कोण येणार नाही याचं भाकीत करणारी सॉफ्टवेअरंही मिळतात. भाकीत वापरून त्याच लोकांच्या वेळेवर दुसरा पेशंट बसवायचा, ही त्यांची नेहमीची सूचना असते. ती मानू नका. आधी न आलेले लोक बऱ्याचदा दूर राहणारे, रोजंदारीवरचे किंवा घरी आजारी माणूस असलेले असतात. ते आले की त्यांनाच जास्त थांबावं लागतं. भाकीत वापरायचंच, तर अशा लोकांना आधी फोन करून सोयीची वेळ विचारायला वापरा.

तांत्रिक घोळ एकच, पण हमखास होणारा: एकाच वेळेवर दोघे. दोन टेबलांवरून एकाच क्षणी तीच वेळ दिली जाते, किंवा ऑनलाइन नोंदणी सुरू असताना फोनवर तीच वेळ जाते. डॉक्टर आणि सुरुवातीची वेळ ही जोडी डेटाबेसमध्ये एकदाच येऊ शकेल असं बंधन घालून घ्या, आणि ऑनलाइन निवडलेली वेळ पाच मिनिटं तात्पुरती धरून ठेवा. मुद्दाम दिलेली जास्तीची अपॉइंटमेंट वेगळ्या खुणेने नोंदवा. आणि कागदी डायरी बंद करा. "काही दिवस दोन्ही चालू ठेवू" म्हणणाऱ्या दवाखान्यात दोन्ही डायऱ्या चुकीच्या असतात. अपॉइंटमेंट न घेता नंबर लावून बसलेल्यांचीही नोंद त्याच डायरीत व्हायला हवी, आल्याच्या वेळेसकट.

## केसपेपरमधले मोजके ठरीव रकाने

सगळा केसपेपर रकान्यांत कोंबायचा नाही. पेशंटची हकिकत मोकळ्या मजकुरातच चांगली राहते. पण ज्यावर संगणकाला काही तपासायचं आहे, त्या गोष्टी ठरीव रकान्यांतच हव्यात: जन्मतारीख, वजन आणि ते कधी घेतलं, ॲलर्जी, चालू औषधं मात्रेसह, जुने आजार आयसीडी किंवा स्नोमेड (आजारांच्या ठरीव आंतरराष्ट्रीय याद्या) यांच्या कोडसह, गरोदरपण, आणि शेवटचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी).

वय साठवू नका, ते पुढच्या वर्षी चुकतं. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने साठवा. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे दोन यंत्रं वेगवेगळं समजतात.

ॲलर्जीच्या रकान्याला तीन अवस्था लागतात: "आहे, अमुक औषधाची, अमुक त्रास झाला", "विचारलं, माहीत असलेली नाही" आणि "अजून विचारलेलं नाही". दोनच अवस्था ठेवल्या, तर न विचारलेला पेशंट "नाही" मध्ये जमा होतो, आणि संगणक निर्धास्तपणे पेनिसिलिन जाऊ देतो. काय त्रास झाला हेही लिहाच. औषधाने पोट बिघडणं आणि अंगावर गांधी उठून श्वास अडकणं यांना एकाच पातळीची सूचना दिली, तर थोड्याच दिवसांत दोन्हींकडे दुर्लक्ष होतं.

एककांचा घोळ सगळ्यात घातक. १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर क्रिएटिनिन म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर, १.२ चे १०६ होतात. ग्लुकोज मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरवरून मिलिमोल प्रति लिटरमध्ये नेताना भागाकार १८ ने, १२६ चे ७.०. प्रयोगशाळा बदलली आणि एकक बदललं, तर जुन्या-नव्या आकड्यांचा आलेख एका रात्रीत आकाशाला भिडतो. मुलांचं वजन तर फारच सांभाळा. पॅरासिटामॉलची एक मात्रा किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२ किलोच्या मुलाला १२० ते १८०. तेच वजन पौंडांत २६ आलं आणि किलोच्या रकान्यात पडलं, तर संगणक २६० ते ३९० सांगेल, आणि पडद्यावर तो आकडा अगदी विश्वासार्ह दिसेल. म्हणून एकक निवडण्याची सोयच काढून टाका. रकान्याच्या शेजारी "किलो" असं ठळक छापलेलं असू द्या आणि वयाप्रमाणे न बसणाऱ्या वजनावर सॉफ्टवेअरने विचारावं.

विचारावं, अडवू नये. अशक्य आकडा असेल तरच अडवायचं. विचित्र पण शक्य आकड्याला अडवलं, तर लोक चालेल असा खोटा आकडा टाकून पुढे जातात, आणि तो खोटा आकडा पकडायला कोणतंच साधन नाही.

## नियम: पाचाच्या वर सुरुवात नको

नियम म्हणजे "अमुक असेल तर अमुक सूचना दाखव" असं संगणकाला सांगणं. तो आधी कागदावर पूर्ण लिहा. उदाहरणार्थ मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध. औषध चालू यादीत आहे आणि शेवटचा ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळण्याचा वेग) ३० पेक्षा कमी आहे, तर लिहिताना मध्ये थांबवणारी सूचना: "मेटफॉर्मिन देऊ नये". ३० ते ४५ मध्ये असेल, तर न थांबवणारी ओळ: "नव्याने सुरू करू नका, आधीपासून चालू असल्यास फायदा-तोटा पुन्हा पाहा". बहुतेक जण इथेच थांबतात. तिसरी शाखा राहते: गेल्या बारा महिन्यांत क्रिएटिनिन झालेलंच नाही. रिकामा रकाना म्हणजे "३० पेक्षा कमी नाही" असं यंत्र धरून चालतं आणि गप्प बसतं. ज्याची तपासणीच झाली नाही त्या पेशंटलाच हा नियम सगळ्यात जास्त हवा होता. त्यामुळे प्रत्येक नियमाला "माहिती नसेल तर काय" ही शाखा सक्तीची करा.

सूचनांची संख्या आवरणं हे तर वेगळंच काम आहे. औषध-सुरक्षेच्या सूचनांवरच्या २००६ मधल्या एका आढाव्यात डॉक्टर ४९ ते ९६ टक्के सूचना डावलून पुढे जातात, असं आढळलं होतं. दोष डॉक्टरांचा कमी आणि किरकोळ गोष्टींवर ओरडणाऱ्या सॉफ्टवेअरचा जास्त. मध्ये थांबवणाऱ्या सूचना फक्त ज्यांनी जिवाला किंवा अवयवाला धोका आहे त्यांच्यासाठी ठेवा, बाकी कडेला दिसू द्या. दर महिन्याला प्रत्येक नियमासाठी दोन आकडे पाहा: किती वेळा आला, किती वेळा त्यामुळे काही बदललं. दहातून एकदाही बदल होत नसेल, तर नियम सुधारा किंवा काढा. नियम काढायला धीर होत नाही, असंच सगळीकडे दिसतं. पण पंचवीस निरुपयोगी सूचनांच्या गर्दीत सव्विसावी खरी सूचना दिसत नाही.

## निदानाला मदत: आकडा कशाचा आहे ते ओळखा

ही कल्पना नवी नाही. १९५९ साली लेडली आणि लस्टेड यांनी निदानामागचं तर्कशास्त्र आणि संभाव्यतेचं गणित "सायन्स" या नियतकालिकात मांडलं. १९७२ साली इंग्लंडमधल्या लीड्समध्ये डी डॉम्बल आणि सहकाऱ्यांनी अचानक उठलेल्या पोटदुखीच्या ३०४ पेशंटवर बेझच्या सूत्राने (नव्या खुणेप्रमाणे शक्यता बदलत नेणारं गणित) चालणारा संगणक वापरला. त्याचं निदान ९१.८ टक्के बरोबर आलं, तर त्या पेशंटना पाहणाऱ्या सर्वात ज्येष्ठ डॉक्टरांचं ७९.६ टक्के. स्टॅनफर्ड विद्यापीठाचं मायसिन हे सॉफ्टवेअर सत्तरच्या दशकात जंतुसंसर्गावर प्रतिजैविकं सुचवायचं आणि तज्ज्ञांच्या कसोटीला उतरलं, पण रोजच्या दवाखान्यात कधी वापरलं गेलं नाही. लीड्सच्या कामातली उचलण्यासारखी गोष्ट सूत्र नव्हे, फॉर्म आहे. प्रत्येक पेशंटला तेच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने विचारले जात. तुमच्याकडे पोटदुखी, छातीदुखी, ताप अशा तीन-चार तक्रारींसाठी असे फॉर्म केलेत, तर कुठलंही सॉफ्टवेअर न घेता निदान सुधारायला सुरुवात होते.

आता तो आकडा. एखादं साधन आजार असलेल्या शंभरातले ९० पकडतं आणि आजार नसलेल्या शंभरातल्या ९५ जणांना बरोबर सोडून देतं. ऐकायला उत्तम. ज्या दहा हजार लोकांत एक टक्का आजारी आहेत, त्यांच्यावर ते चालवा. आजारी १००, त्यातले ९० पकडले. निरोगी ९,९००, त्यातले ४९५ चुकून पकडले. "आजार आहे" असं सांगितलेल्या ५८५ जणांत खरोखर आजारी ९०, म्हणजे १५ टक्के. तेच साधन वीस टक्के आजारी असलेल्या लोकांवर चालवलं, तर १,८०० खरे आणि ४०० खोटे, म्हणजे ८२ टक्के. यंत्र तेच आहे, फक्त समोरची गर्दी बदलली. म्हणून रिपोर्ट उघडण्याआधी डॉक्टरांनी स्वतःचा अंदाज एका ओळीत लिहावा: "शक्यता कमी, मध्यम, जास्त". तो न लिहिता यंत्राचा आकडा पाहिला, तर मन त्या आकड्याला चिकटतं.

त्यामुळेच साध्या गुणपट्ट्या अजून टिकून आहेत. न्यूमोनियाच्या गंभीरतेसाठीची कर्ब-६५ पाचच गोष्टी मोजते: गोंधळलेली अवस्था, युरिया ७ मिलिमोल प्रति लिटरच्या वर, श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त, वरचा रक्तदाब ९० च्या खाली किंवा खालचा ६० किंवा कमी, आणि वय ६५ किंवा जास्त. संगणकाने ती आपोआप भरावी हे सोयीचं. पण श्वासाची गती मोजलीच नसेल, तर शून्य गुण न देता "अपूर्ण" दाखवायला हवं. सवयीने "१८" किंवा "२०" टाकली जाणारी ही नोंद आहे, हेही ध्यानात ठेवा. तुमच्या केसपेपरांत सगळ्यांचे श्वास सारखेच दिसत असतील, तर कुणी मोजत नाही.

लक्षणांवरून संभाव्य आजारांची यादी देणारी साधनं वापरायची तर आधी आपली यादी लिहा, मग त्यांची पाहा. "थकवा", "अशक्तपणा" टाकू नका. त्यांनी शंभर आजार निघतात. तीन ते सहा नेमक्या, वेगळ्या दिसणाऱ्या खुणा टाका, आणि नसलेल्या महत्त्वाच्या खुणाही. यादीतून घ्यायची ती एकच गोष्ट: सुटला तर महागात पडेल असा एखादा आजार आपल्या यादीत राहून गेला का? क्रमांक एकला काय आहे, याला फार अर्थ नाही.

गप्पा मारणाऱ्या भाषिक मॉडेलांची (प्रश्नाला मजकुरात उत्तर देणारे एआय चॅटबॉट) खोड निराळी आहे. प्रश्नात तुमचं निदान घातलंत, तर बहुधा तेच सजवून परत मिळतं. त्यामुळे "हा डेंग्यूच ना?" असं विचारू नका. निष्कर्ष न सांगता खुणा द्या आणि विरुद्ध बाजूचा पुरावाही मागा. मात्रा आणि संदर्भ त्यांच्याकडून घेऊ नका. नसलेले संदर्भ ती ठामपणे देतात. पेशंटचं नाव, फोन, जन्मतारीख, रिपोर्टचा फोटो, यातलं काही त्यात चिकटवायचं नाही.

एक्स-रे किंवा डोळ्याच्या पडद्याचे फोटो वाचणारं साधन घेताना विक्रेत्याचे आकडे बाजूला ठेवा आणि आपल्याच जुन्या, निदान पक्कं झालेल्या फोटोंवर चालवून पाहा. २०१८ मधल्या एका अभ्यासात न्यूमोनिया ओळखायला शिकवलेलं मॉडेल एक्स-रे कोणत्या हॉस्पिटलचा आहे हेच ओळखायला शिकलं होतं. दुसरीकडचे फोटो दिल्यावर त्याची कामगिरी घसरली. २०२१ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात सेप्सिसचं (जंतुसंसर्गामुळे शरीराचे अवयव बिघडण्याची जीवघेणी अवस्था) भाकीत करणारं, आधीच अनेक ठिकाणी बसवलेलं एक मॉडेल तपासलं, तेव्हा त्याने सेप्सिस झालेल्यांपैकी दोन तृतीयांश पेशंट सोडून दिलेले आढळले.

तुमच्या चाचणीत आजार असलेले फोटो किती हवेत? वीस घेतले आणि अठरा पकडले, तर ९० टक्के दिसतं; पण खरी क्षमता ७० ते ९७ मध्ये कुठेही असू शकते. शंभर घेतले आणि ९० पकडले, तर ती पट्टी साधारण ८३ ते ९४ अशी आवळते. शंभर जमवता येत नसतील, तर साधन डॉक्टरांच्या वाचनानंतर, दुसरं मत म्हणूनच वापरा. आणि प्रत्येक निकालाशेजारी सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांक नोंदवा. अपडेट येऊन उंबरठा (कुठल्या आकड्यापुढे फोटो संशयित धरायचा ती मर्यादा) बदलला, तर "परवापासून सगळेच फोटो संशयित का येतायत" याचं उत्तर तिथेच सापडतं.

## रिपोर्ट आणि अपॉइंटमेंट यांची गाठ

निदान चुकण्यापेक्षा बरोबर निदानाचा कागद पडून राहणं फार सोपं आहे. प्रत्येक तपासणीला चार तारखा जोडा: सांगितली, नमुना दिला, रिपोर्ट आला, डॉक्टरांनी पाहून सही केली. मग रोज सकाळी दोन याद्या आपोआप निघाव्यात. पहिली: सांगून सात दिवस झाले, रिपोर्ट नाही. दुसरी: रिपोर्ट येऊन दोन दिवस झाले, सही नाही. बायोप्सीसारख्या तपासण्यांना वेगळी मुदत लागेल. यादी कुणा एकाच्या नावावर असू द्या, आणि तो रजेवर असेल तेव्हा दुसऱ्या कुणाच्या ते आधीच ठरलेलं असू द्या. "सगळ्यांनी बघायचं" ठरलं की कोणीच बघत नाही.

रिपोर्टमध्ये काही वावगं असेल, तर सही करताना पुढचं पाऊल निवडल्याशिवाय खिडकी बंद होऊ नये: फोन केला, अपॉइंटमेंट दिली, किंवा काही करायची गरज नाही आणि का. अपॉइंटमेंट दिली असेल आणि पेशंट आला नाही, तर ती साधी गैरहजेरी धरू नका; नाव पुन्हा यादीत यायला हवं. "तीन महिन्यांनी या" असं तोंडी सांगण्यापेक्षा, पेशंट टेबलापाशी असतानाच तारीख टाका.

एकाच माणसाचे दोन केसपेपर असतील, तर हे सगळं निष्फळ. नाव दोन लिप्यांत, दोन स्पेलिंगनी, लग्नाआधीचं आणि नंतरचं असं येतं. नवीन नोंद करण्याआधी जन्मतारीख आणि फोनचे शेवटचे चार आकडे यांवर शोधणं सक्तीचं करा. पण जुळणाऱ्या नोंदी संगणकाला आपोआप एकत्र करू देऊ नका. एकाच फोनवर जुळी भावंडं असतात, आणि चुकीने एक केलेले केसपेपर पुन्हा वेगळे करणं जवळजवळ अशक्य असतं.

## वीज किंवा नेट गेलं तर

दवाखाना बंद करताना दुसऱ्या दिवसाची यादी छापा: वेळ, नाव, फोन, भेटीचा प्रकार, ॲलर्जी. पंचवीस कोरे कागदी फॉर्म त्याच खणात ठेवा, रकाने पडद्यावर आहेत त्याच क्रमाने. वीज आली की त्याच दिवशी नोंदी चढवा, मूळ वेळेसह आणि "नंतर भरलेली" अशा खुणेसह. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं. एकच पासवर्ड सगळ्यांना असेल, तर मात्रा कुणी बदलली ते कधीच कळणार नाही.

बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दवाखान्याच्या इमारतीबाहेर. त्यातली एक तरी नेटवर्कपासून तोडलेली असावी, कारण खंडणी मागणारा व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या प्रतीही कुलूपबंद करतो. दर तीन महिन्यांनी बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा आणि तीन केसपेपर तपासा: एक अगदी जुना, एक कालचा, एक एक्स-रे जोडलेला. पहिले दोन उघडले आणि तिसऱ्यातला फोटो दिसला नाही, तर बॅकअपमध्ये फक्त डेटाबेस गेलाय, फोटोंचा फोल्डर राहिलाय. तो वेगळा जोडून लगेच पुन्हा बॅकअप घ्या.